फुलपाड्याचे कानवाले काका

लॅपटॉपची हार्ड डिस्क चालू असताना ते स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचे, दांडा कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. समोरचं गिऱ्हाईक किती घाईत आहे ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं. कधी पाच मिनिटं, कधी दहा. मी तर एकदा पाऊण तास त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून काढलाय. मग डोळे उघडून ते अगदी साध्या आवाजात विचारायचे, "आत किती माणसं आहेत?"

फाइलींना ते माणसं म्हणायचे. डेटा हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. डिस्क खराब झाली असंही ते म्हणत नसत, थकली म्हणत. एखादं गिऱ्हाईक "काका, सगळं उडवून टाका" म्हणालं की ते आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या मागच्या रिकाम्या जागेकडे बघायचे. तिथे कोणी उभं असल्यासारखे बघायचे. गिऱ्हाईक नकळत मागे वळून पाहायचं. मीही वळलो होतो, खोटं कशाला बोलू.

विरार पूर्वेला, फुलपाड्यात, एका चार मजली इमारतीच्या तळाशी पिठाची गिरणी आणि शिकवणीचे वर्ग ह्यांच्या मधल्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'लॅपटॉप दुरुस्ती' एवढंच. गल्लीत सगळे त्यांना कानवाले काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. खरं नाव विचारायचं राहून गेलं. डाव्या कानात खोबरेल तेलाचा कापसाचा बोळा कायम. "हा कान बंद असतो," ते सांगायचे, "बाहेरचं फार ऐकू येतं त्यातून." उजवा कान कामाचा. मूळचे आगाशीकडचे वाडीवाले. वाडी विकली गेली तसे इकडे फ्लॅटात आले. त्याआधी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, खांबावर चढून तारा तपासण्यात गेलेली. तारेला कान लावला की पलीकडचं घर कोणतं ते कळायचं म्हणे. "भांडणारं घर वेगळं वाजतं," असं ते मला सांगत असताना शेजारच्या गिरणीत ज्वारी दळली जात होती आणि मला त्यांचं निम्मंच ऐकू येत होतं. त्यांना मात्र माझं सगळं ऐकू यायचं, पुटपुटलेलंसुद्धा.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला फक्त वेग हवा होता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आईचा आवाज हवा होता. ह्या दोन खेपांमध्ये जेमतेम आठवडा गेला.

आधी पहिली खेप. माझा लॅपटॉप कॉलेजातला. गेम खेळायला म्हणून हट्टानं घेतलेला, विटेसारखा जाड, कळांखाली लाल दिवे. आता तो चालू करून चहा ठेवावा, गाळावा, पिऊन कप विसळावा, तरी हा आपला गोल गोल फिरतोय. मित्र म्हणाले, जुनी हार्ड डिस्क काढ, एसएसडी टाक, लॅपटॉप नवा होतो. मी ऑनलाइन शोधली. सगळ्यात जास्त वेग कुठलीचा ते बघितलं, तीच मागवली, आणि बसवायला काकांकडे नेली.

काकांनी ती खोक्यातून काढली. च्युइंगगमच्या पट्टीएवढी ती हिरवी पट्टी. ती त्यांनी उजव्या कानाशी धरली. बराच वेळ. मग मान हलवली. "अजून कोणी नाही," ते म्हणाले आणि पट्टी खाली ठेवली. मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. प्रत्येक नव्या एसएसडीला ते असंच करायचे हे मला नंतर कळलं. हार्ड डिस्क फिरते, खरडते, कुरकुरते. एसएसडी काहीच वाजत नाही. ते त्यांना आवडायचं नाही. "विकतो," ते म्हणायचे, "पण मुकं जनावर घरात घ्यायचं म्हणजे जपून."

मग त्यांनी लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून आतली फट दाखवली. "खाच बघितलीत का?"

मी म्हटलं, कसली खाच?

"वेग बघितला, किंमत बघितली, खाच नाही बघितली. सगळे तेच करतात." त्यांनी पट्टीच्या टोकाची खाच माझ्या नखाला लावून दाखवली. माझ्या पट्टीला एक खाच, आणि ती भलत्याच बाजूला. लॅपटॉपच्या फटीतला दात दुसऱ्या बाजूला. त्याला दोन खाचांची, जुन्या पद्धतीची पट्टी लागते. "आणि ही बसली असती तरी काय? तुमच्या बोर्डाचा रस्ता अरुंद. गाडी कितीही पळणारी आणा, पळणार रस्त्याएवढीच. ही परत पाठवा. दोन खाचांची आणा, पाचशे जीबी पुष्कळ झाली. फक्त अगदी स्वस्तातली नको, अर्धी भरली की ती धापा टाकायला लागते."

हे सगळं इतकं मुद्देसूद होतं की मी निर्धास्त झालो. म्हटलं, ठीक, पट्टी बदलून आणतो, आणि जुनी डिस्क फेकून द्या, मला काही नको त्यातलं.

त्यांनी लॅपटॉप चालू केला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डोळे मिटले. तोच तो पाऊण तास. मध्येच त्यांनी भिंतीवर दोन थापा मारल्या आणि पलीकडची गिरणी थांबली. थांबली म्हणजे खरंच थांबली, पट्टा फिरायचा बंद झाला. गिरणीवाल्याला एकदा त्यांनी सांगितलं होतं म्हणे, चारच्या आत पट्टा तुटेल, बाजूला उभा राहा. पावणेचारला तुटला. तेव्हापासून भिंतीवर थाप पडली की गिरणीवाला बटण दाबतो आणि दाराशी येऊन गप्प उभा राहतो. भर दुपारी ती सगळी गल्ली चिडीचूप झाली. फक्त माझ्या डिस्कची टिक्, टिक्, कर्रर्र. पुन्हा टिक्, टिक्, कर्रर्र.

"एकाच जागी जातेय," काका डोळे न उघडता म्हणाले. "पुढं सरकत नाही. परत तिथंच, परत तिथंच. तिथं कोणीतरी हाक मारतंय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि काटा आला म्हणून राग आला. मी म्हटलं, "काका, बॅड सेक्टर असेल. वाचता येत नाही म्हणून अडकते."

"असेल की," ते म्हणाले. "पण सगळी सोडून तीच जागा का? घरी विचारून या."

"कोणाला विचारू?"

"जे कोणी आहेत त्यांना."

लॅपटॉप तसाच उघडा बॅगेत कोंबून मी निघालो. बोळिंजला घरी पोचेपर्यंत मनात त्यांना शिव्या घालत होतो. म्हातारा लोकांना घाबरवून धंदा करतो, असंच मला वाटलं.

जूचंद्रच्या एका बाईंचं मला गिरणीवाल्यानं नंतर सांगितलं. नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, चालतच नव्हता. काकांनी ऐकलं आणि डिस्क काढून त्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, "मी नाही करणार. ह्यात दोन घरं आहेत." एवढंच. बाई डिस्क घेऊन गेल्या. चार महिन्यांनी परत आल्या, दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाल्या, "तुम्ही सांगायला नको होतं." काका म्हणाले, "मी काहीच सांगितलं नाही." बाई म्हणाल्या, "तेवढंच पुरलं." गिरणीवाला हे सांगताना स्वतःचा आवाज बारीक करत होता, भिंतीपलीकडे काका असल्यामुळे.

त्या आठवड्यातच जेवताना बाबानं मला विचारलं. बाबा म्हणजे माझा बाप. आमच्यात बापाला अहो-जाहो नाही. जन्म अर्नाळ्यात होडीवर गेला, आई गेल्यावर मी त्याला माझ्याकडे बोळिंजला आणला. दोन वर्षं झाली होती तेव्हा. जेवता जेवता हात थांबवून तो म्हणाला, "तुज्या आयची हाक कशी होती रं? मना आठवत नाय."

मी म्हटलं, असं कसं आठवत नाय.

"तोंड दिसतं. हात दिसतात. बोलताना पन दिसते. आवाज नाय येत." मग त्यानं ताटातला भात कालवून तसाच ठेवला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोधायला लागलो. आईकडे बटणांचा फोन होता, त्यात काही रेकॉर्ड होत नसे. फोटो ढीगभर. लग्नांचे व्हिडिओ होते, पण सगळ्यांवर बँडची गाणी चढवलेली, आई नुसते ओठ हलवतेय. माझ्या फोनमध्ये तिचा एकही आवाजी निरोप नाही. बाबा दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. दर दिवशी विचारायचा, "गावली काय?" तीन दिवसांनी विचारायचा थांबला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. तेव्हा मात्र मी घाबरलो. माणूस आतून विझतो म्हणजे काय ते मला दिसत होतं.

आणि तेव्हा मला आठवलं. खरं तर विसरलो कधीच नव्हतो, बघायचं टाळत होतो.

कॉलेजात असताना मी मित्रांबरोबर ऑनलाइन गेम खेळताना रेकॉर्डिंग करायचो, माइकसकट. अर्नाळ्याच्या घरात दुपारी अर्धा तास नळाला पाणी यायचं. आई ओटीवरून हाक मारायची, हंडे लावायला. एक दिवस ती हाक रेकॉर्डिंगमध्ये आली आणि पलीकडे वसईच्या सोसायट्यांमधली माझी मित्रमंडळी खदाखदा हसली. 'पानी आयलंय.' पुढं अख्खं सेमिस्टर मला त्याच नावानं हाका मारल्या. मी आमची बोली तिथल्या तिथं टाकली. ण घोटून घोटून शिकलो. इतका की एकदा वर्गात 'माझ्या मणात' म्हणून बसलो. आणि सेमिस्टर संपल्यावर रेकॉर्डिंगचा तो सगळा फोल्डर, त्यात काय काय आहे ते न बघता, उडवून टाकला.

काकांच्या दुकानात जाऊन मी हे सगळं त्यांना सांगितलं. शरम वाटत होती, पण सांगितलं. ते म्हणाले, "उडवलंत म्हणजे फक्त पाटी पुसलीत. घर तिथंच असतं, वर दुसरं कोणी येऊन राहीपर्यंत. ह्या जुन्या डिस्कचं तेवढं बरं आहे. नवीन पट्टीतून उडवलं असतंत, तर तिनं मागचं मागचं सारवून टाकलं असतं." मग म्हणाले, "थकली आहे फार. एकदाच वाचेल. नाही वाचली तर मला बोलू नका."

त्यांनी डिस्क काढून आपल्या यंत्राला लावली. भिंतीवर थाप मारली, गिरणी थांबली. टिक्, टिक्, कर्रर्र. तासभर तेच. डिस्क फिरायची, अडकायची, बंद पडायची. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, शिकवणीची एक मुलगी दारात चार्जर घेऊन उभी होती. शेवटी डिस्क फिरायचीच थांबली. काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला नाही.

"आई हाक कशी मारायच्या?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पाणी आलंय, असं."

"असं नाही. त्या म्हणायच्या तसं."

चौघं माझ्याकडे बघत होते. मी पुटपुटलो.

"मोठ्यानं म्हणा. ओटीवरून आत ऐकू जायला पाहिजे."

मला उठून जावंसं वाटलं. बाबाचं भिंतीकडं केलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं म्हणून नाही गेलो. मी उभा राहिलो आणि कित्येक वर्षांत काढला नव्हता तो सूर काढला. "पानी आयलंय रंऽऽ, हंडा लाव."

डिस्क फिरायला लागली.

एवढा वेळ ती गार झाली असेल, म्हणून फिरली असेल. मी स्वतःला हेच सांगितलं आणि अजूनही सांगतो. पण दुकानातलं एक गिऱ्हाईक आपला लॅपटॉप तिथंच टाकून बाहेर जाऊन उभं राहिलं. डिस्क अडखळली नाही, कुरकुरली नाही, सलग वाचत गेली. वाचून संपली तशी एक बारीक शिट्टी वाजली आणि ती कायमची बंद पडली. काकांनी कपाळाचा घाम पुसला आणि भिंतीवर थाप मारली. गिरणी सुरू झाली.

हाती आलेल्या फाइलींना नावं नव्हती, नुसते आकडे. काका चार दिवस त्या ऐकत बसले. मी म्हटलं मी ऐकतो, तर म्हणाले, "तुम्ही पहिल्याला रडाल, मग पुढचं ऐकणार कोण?" पाचव्या दिवशी बोलावलं. मी बदलून आणून दिलेली दोन खाचांची पट्टी लॅपटॉपमध्ये बसवलेली होती. त्यांनी बटण दाबलं, मी खिशातून रुमाल काढेपर्यंत लॅपटॉप चालू झालेला.

"एक्केचाळीस रेकॉर्डिंगं मिळाली," काका म्हणाले. "आई एकातच आहेत, सगळ्यात पहिल्या. जिथं ती अडकत होती ना, बरोबर त्या जागेवर."

मी म्हटलं, एकातच कसं? ती रोज हाक मारायची.

"एकातच. त्याच्या पुढच्या सगळ्यांत तुम्ही एकटेच बोलताय."

त्यांनी ते लावलं. आधी गोळ्यांचे आवाज, माझं हसणं. मग लांबून, वाऱ्यातून आल्यासारखी, आई. "पानी आयलंय रंऽऽ, हंडा लाव." आणि लगेच, माइकच्या अगदी जवळ, माझा आवाज. "गप ना आये, लाज वाटते तुझी, सगळे ऐकतात." संपलं. सात सेकंद.

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हटलं, "काका, माझं कापून टाका. बाबाला ऐकवायचंय."

"कापता येईल," ते म्हणाले. "पण तुमच्या शेवटच्या शब्दांखाली त्या काहीतरी बोलल्यात. तेही जाईल. ऐकू येत नाही, नुसत्या कानाला नाही येत. मला आलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगू?"

मी नको म्हटलं. मला तिथून पळायचं होतं.

कापायचं धाडस झालं नाही. बाबाला मी आहे तसं ऐकवलं. तो उठून बसला. लॅपटॉपला कान लावून त्यानं ते पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. माझ्या त्या वाक्याबद्दल एक शब्द बोलला नाही. दुपारभर लावत होता. संध्याकाळी म्हणाला, "हाकंच्या मागून ती आजून बोललीय. तू मदी बोललास, त्याच्याखाली गेलं. काय बोलली रं?"

मी म्हटलं, काही नाही बोलली.

"बोलली," तो म्हणाला. "मना म्हाईत हाय तिचा स्वास." आणि पुन्हा कान लावून बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवायला उठेना. आवाज नव्हता तेव्हा तो भिंतीकडे बघून पडायचा, आता सात सेकंदांत अडकला.

मी फुलपाड्याला गेलो. काका एका नव्या पट्टीला कान लावून बसले होते. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी ती खाली ठेवली.

"'बरं,'" ते म्हणाले. "'नाय बोलत मी.' असं म्हणाल्या."

गिरणी चालू होती, तरी मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी त्या स्टुलावर बसलो. त्यानंतरच्या दुपारी मला आठवायला लागल्या. आई हाक मारायची नाही. दारातून आत यायची, आणि ओल्या हाताची बोटं माझ्या मानेवर टेकवायची. पाणी आलंय, एवढंच सांगायला. गार हात लागला की मी दचकायचो आणि तिच्यावर त्याबद्दलही खेकसायचो. पुढची चार वर्षं तिनं मला घरात एकदाही हाक मारली नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

काका म्हणाले, "घरी सांगायचं की नाही ते तुम्ही बघा." त्यांनी डाव्या कानातला बोळा काढून नवीन लावला आणि पुढच्या लॅपटॉपचे स्क्रू काढायला घेतले. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. ती इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली, गिरणी गेली, शिकवणी गेली, काका कुठे गेले ते गिरणीवाल्यालाही सांगता आलं नाही.

त्या दिवशी घरी आलो तर बाबा दारातच उभा होता. मी कुठून आलोय हे त्याला ठाऊक होतं. "काय बोलली?" त्यानं विचारलं.

खोटं बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं, जेवणाबिवणाचं काहीतरी. पण बाबाच्या तोंडाकडे बघून ते जमेना. आणि प्रमाण मराठीत सांगायलाही जीभ वळेना. ती जसं म्हणाली असेल तसंच माझ्या तोंडून निघालं, हळू, आतल्या आत.

"बरं. नाय बोलत मी."

बाबाचे डोळे मिटले. हात पुढे करून त्यानं माझा दंड घट्ट पकडला.

"हाच," तो म्हणाला. "हाच तिचा आवाज. परत बोल."